रसायनशास्त्रांतील शब्दप्रामाण्य

ज्या शास्त्रानें तराजू हातीं घेऊन शब्दप्रामाण्याचा पाडाव केला, तेंच शास्त्र आज आमच्या शाळांतून निव्वळ शब्दप्रामाण्यावर शिकविलें जात आहे, असें आम्ही म्हटलें तर पुष्कळ वाचकांस ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु तिची प्रचीति घेण्यास फार दूर जावें लागत नाहीं. शालान्त परीक्षेंत विज्ञानाच्या विषयांत नव्वदांवर गुण मिळविलेला आपल्याच घरांतला मुलगा किंवा मुलगी समोर बसवावी आणि पाणी म्हणजे काय, असें विचारावें. उत्तर तत्काळ येईल: एच-टू-ओ. मग विचारावें, एच-टू-ओ कशावरून? एच-ओ कां नव्हे? येथें जी स्तब्धता पसरेल ती आमच्या विधानाचा पहिला पुरावा होय. एखादें चलाख मूल म्हणेल कीं, ऑक्सिजनची संयुजा दोन आहे म्हणून. ऑक्सिजनची संयुजा दोन कशावरून? तर पाणी एच-टू-ओ आहे म्हणून! त्याहून चलाख मूल असेल तर तें बाह्य कक्षेंतील सहा इलेक्ट्रॉनांची कथा सांगेल. परंतु ते सहा आहेत हें कोणीं व कसें ठरविलें, एवढें विचारतांच तेंहि पुस्तकाकडे बोट दाखवील.

मुलाचा यांत कांहीं दोष नाहीं. आधुनिक अणुवादाचा प्रवर्तक जॉन डाल्टन हा १८४४ सालीं मरण पावला, तो पाण्याच्या कणांत हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एकच अणु असतो, असें मानीतच मरण पावला. म्हणजे आमच्या नववीतल्या मुलास जें ठाऊक आहे तें डाल्टनला ठाऊक नव्हतें. तरीहि या दोघांत रसायनज्ञ कोण, असा प्रश्न कोणी गंभीरपणें विचारणार नाहीं. डाल्टनचें मत चुकीचें होतें, पण त्या मताला कारणें होतीं. आमच्या मुलाचें मत बरोबर आहे, पण त्याला कारण म्हणून कांहींच नाहीं. संध्या म्हणणाऱ्या बटूला मंत्राचा अर्थ ठाऊक नसतो म्हणून आमच्या सुधारक पिढ्यांनीं त्याची टर उडविली. त्याच पिढ्यांच्या नातवंडांनीं सूत्रांची संध्या आरंभिली आहे, आणि तिला आपण विज्ञाननिष्ठा म्हणत आहों.

पाठ्यपुस्तकांचा क्रमच असा लाविलेला असतो कीं, दुसरें कांहीं होणें कठीण. महाराष्ट्रांत २०१८ सालीं निघालेल्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत अणूचें अंतरंग उघडून दाखविलें आहे: केंद्रक, प्रोटॉन, न्यूट्रॉन, भोंवतीं फिरणारे इलेक्ट्रॉन, कवचांतील त्यांची वांटणी. आणि द्रव्याचें मोजमाप, म्हणजे ज्या तोलामापाच्या नियमांवरून अणु आहे असें मानण्याची बुद्धि माणसाला झाली ते नियम, २०१७ सालच्या नववीच्या पुस्तकांत, म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षीं! त्या पुस्तकांत प्रयोगहि दिले आहेत, हें न सांगणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या मुलानें अणूच्या आंतली चित्रें वर्षभर आधीं रंगविलीं आहेत त्याच्या दृष्टीनें त्या प्रयोगांतून सिद्ध व्हावयाचें तें काय राहिलें? निकाल आधीं लागला आणि साक्षीपुरावा मागून आला, तर त्या साक्षीपुराव्याकडे कोण लक्ष देणार? ही तऱ्हा एकट्या महाराष्ट्राची नव्हे.

या उलट्या क्रमाचें फळ व्याख्यांत दिसतें. शिकवणीच्या वह्यांतून व मार्गदर्शकांतून फिरणाऱ्या दोन व्याख्या पाहा. मूलद्रव्य म्हणजे काय? एकाच प्रकारच्या अणूंचा बनलेला पदार्थ. अणु म्हणजे काय? मूलद्रव्याचे गुणधर्म टिकवून धरणारा त्याचा लहानांत लहान कण. आमच्या जुन्या नैयायिकांच्या पाठशाळेंत एखाद्या विद्यार्थ्यानें असें उत्तर दिलें असतें तर अन्योन्याश्रय दोष म्हणून पंडितांनीं त्याला तेथेंच थांबविलें असतें. बरें, दोष केवळ तर्काचाच असता तरी एक वेळ चाललें असतें. पण दोन्ही व्याख्या वस्तुस्थितीलाहि धरून नाहींत. क्लोरिनचे अणु दोन प्रकारचे असतात, ३५ भाराचे आणि ३७ भाराचे. म्हणून क्लोरिन मूलद्रव्य नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. आणि सोन्याचा पिवळा रंग, त्याचा मऊपणा, त्याचा वितळण्याचा बिंदु, यांपैकीं एकहि गुण सोन्याच्या एकट्या अणूंत नसतो. ते असंख्य अणूंच्या समुदायाचे गुण आहेत.

मूलद्रव्याची खरी कल्पना याहून पुष्कळ सोपी आणि पुष्कळ प्रामाणिक आहे. १७८९ सालीं पॅरिस येथें लाव्हाझियेनें आपला रसायनाचा प्राथमिक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यानें मूलद्रव्य म्हणजे पृथक्करण करतां करतां आपण जेथें येऊन थांबतों तो शेवटचा पदार्थ, एवढेंच म्हटलें. द्रव्याचे अंतिम अविभाज्य कण कसे आहेत याविषयीं आपणांस कांहींच माहीत नाहीं, असें त्यानें प्रस्तावनेंतच सांगून टाकलें. त्याची व्याख्या तात्पुरती आहे आणि तीच तिची शोभा आहे: आजवर हा पदार्थ फोडतां आलेला नाहीं, म्हणून आज याला मूलद्रव्य म्हणूं; उद्यां फुटला तर यादींतून काढूं. त्याच्या यादींत ३३ नांवें होतीं. त्यांत प्रकाश होता, उष्णता होती, आणि आमचा नित्याचा चुनाहि होता!

या चुन्यापाशीं आम्ही जरा थांबणार आहों, कारण रसायनाचा निम्मा पाया एका चुन्याच्या डबीवर घालून दाखवितां येईल अशी आमची समजूत आहे. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे कळीचा चुना होतो, त्यावर पाणी घातलें म्हणजे तो फसफसून, तापून विरतो, आणि विरलेला चुना भिंतींत गेला म्हणजे वर्षानुवर्षें घट्ट होत जातो, हें मुंबईच्या चुनाभट्टीला जेव्हां तें नांव पडलें तेव्हांच्या गवंड्यांस ठाऊक होतें. चुन्याच्या घाणीवर बैल फिरविणाऱ्या पोरासहि ठाऊक होतें. हें कां होतें, याचा उलगडा स्कॉटलंडांत जोसेफ ब्लॅकनें केला व १७५६ सालीं प्रसिद्ध केला. उलगडा करण्यास त्यानें काय वापरलें? तराजू. भट्टींत चुनखडीला अग्नीपासून कांहीं तिखट तत्त्व मिळतें, म्हणून चुना जिभेला चावतो, असें तोंपर्यंत विद्वान मानीत. ब्लॅकनें तोलून पाहिलें तों भाजलेला चुना हलका भरला! आगींतून कांहीं आंत गेलें नव्हतें. आंतून कांहीं बाहेर गेलें होतें. १०० भार शुद्ध चुनखडी भाजली कीं ५६ भार चुना उरतो, आणि ४४ भार एक वायु निघून जातो. ५६ भार चुना विरविण्यास १८ भार पाणी लागतें व त्याचे ७४ भार होतात. या विरलेल्या चुन्याची निवळी करून तींत तोच वायु सोडला कीं ती दुधाळ होते, आणि तळाशीं जो पांढरा गाळ बसतो ती पुन्हां चुनखडीच. ७४ भार चुन्यामागें नेमकी १०० भार.

निवळींत नळीनें फुंकर मारून ती पांढरी करण्याचा प्रयोग सर्व शाळांत होतो. परंतु त्यावरून मुलें शिकतात तें एवढेंच कीं, उच्छ्वासांत कार्बन डायॉक्साइड असतो. भट्टींतून उडून गेलेला वायु, आपल्या छातींतून निघणारा वायु आणि जुन्या वाड्याच्या भिंतीनें हवेंतून हळूहळू ओढून घेतलेला वायु हा एकच, आणि त्याचा हिशेब शेवटच्या भारापर्यंत जुळतो, ही जी थक्क करणारी गोष्ट तीच गाळली जाते. मिश्रण आणि संयुग यांतला भेद शिकविण्यास याहून चांगलें दुसरें उदाहरण कोठें शोधावें? आणि चुना हें मूलद्रव्य नव्हे हें १८०८ सालीं डेव्हीनें विजेच्या साह्यानें त्यांतला कॅल्शियम धातु वेगळा करून दाखविलें, तेव्हां लाव्हाझियेची यादी खोटी पडली, पण व्याख्या खरी ठरली. या ‘मृदा’ उद्यां मूलद्रव्यें ठरणार नाहींत, असा संशय लाव्हाझियेनें स्वतःच व्यक्त केला होता. असें चूक ठरण्याचें भाग्य आमच्या पुस्तकांतील एका तरी वाक्याच्या वांट्यास येईल काय?

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. मुलांना पुढें यंत्रें चालवावयाचीं आहेत, औषधें करावयाचीं आहेत; त्यांना निष्कर्ष मिळाले म्हणजे पुरे. आम्ही म्हणतों, काय बिघडलें तें पाहण्यास शाळेंत नको, वाणसामानाच्या दुकानांत चला. ‘केमिकल-फ्री’ अशीं अक्षरें छापलेला साबण, ‘रसायनविरहित’ तेल, ‘नैसर्गिक, रासायनिक नव्हे’ असें जीवनसत्त्व, हीं जास्त पैसे देऊन विकत कोण घेतो? निरक्षर मजूर घेत नाहीं. ज्या घरांत दोन पदवीधर व एक नव्वद टक्क्यांचा विद्यार्थी आहे तेंच घर घेतें. एखाद्या पदार्थांत अमुक एक घातक द्रव्य मिसळलेलें नाहीं, असें सांगणें वेगळें व तें अवश्य सांगावें. पण द्रव्य ‘रासायनिक’ आहे म्हणून वाईट व ‘नैसर्गिक’ आहे म्हणून चांगलें, हा समज ज्याच्या डोक्यांत घर करून आहे त्याला संयुग या शब्दाचा अर्थ कळलेलाच नाहीं, मग त्याचे गुण किती का असेनात.

कारण नेमका हाच समज स्थिरप्रमाणाच्या नियमानें मोडून काढिला. प्रूस्त हा फ्रेंच रसायनज्ञ स्पेनमध्यें काम करीत असतां त्यानें खाणींतून निघालेला तांब्याचा कार्बोनेट आणि स्वतः प्रयोगशाळेंत तयार केलेला तांब्याचा कार्बोनेट हे दोन्ही फोडून तोलून पाहिले, आणि १७९९ सालीं दाखवून दिलें कीं, दोहोंतील घटकांचें प्रमाण एकच आहे. पृथ्वीच्या पोटांत युगानुयुगें झालेलें संयुग आणि कांचेच्या भांड्यांत दुपारीं झालेलें संयुग यांत तिळमात्र अंतर नाहीं. आपण कोठून आलों याची आठवण संयुग ठेवीत नाहीं. बर्थोलेसारख्या मातबर पंडिताला हें पटेना. दोघांचा वाद कित्येक वर्षें चालला, आणि तो इतक्या सभ्यतेनें चालला कीं आमच्या साहित्यसंमेलनांतल्या वादपटूंनीं त्याचा अभ्यास करावा. मिठागरांतल्या मिठांत इतर क्षारांची भेसळ असेल; पण त्यांतलें जें सोडियम क्लोराइड, त्यांत २३ भार सोडियमला ३५.५ भार क्लोरिन हेंच प्रमाण असणार, मग मीठ कोंकणच्या किनाऱ्यावरचें असो वा परीक्षानळींतलें. आंवळ्यांतलें ‘क’ जीवनसत्त्व आणि कारखान्यांतलें ‘क’ जीवनसत्त्व यांनाहि हाच न्याय. आंवळ्यांत त्याशिवाय दुसरें पुष्कळ आहे, म्हणून आंवळा जरूर खावा. पण जीवनसत्त्वाला जात चिकटवूं नये. हा नियम पाठ म्हणून दाखविणारें मूल संध्याकाळीं आईबरोबर जाऊन ‘केमिकल-फ्री’ साबण घेऊन येतें, याला शिक्षण म्हणावयाचें असेल तर शब्दांचे अर्थच बदलले पाहिजेत.

आतां पुन्हां एच-टू-ओकडे वळूं, कारण प्रश्न आम्हीं विचारला आहे, तेव्हां उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे. पाण्यांत १ भार हायड्रोजनला ८ भार ऑक्सिजन असतो, एवढें तराजू सांगतो. डाल्टनच्या १८०८ च्या ग्रंथांत हा आंकडा ८ ऐवजीं ७ आहे, कारण त्या वेळचीं मापें ओबडधोबड होतीं. पण ८ म्हणजे एका अणूचा भार कीं अर्ध्याचा कीं दोहोंचा, हें तराजू सांगत नाहीं. डाल्टननें सर्वांत सोपा मार्ग पत्करला: एकास एक. त्याच वर्षीं गे-ल्युसाकला आढळलें कीं, २ घनफळें हायड्रोजन व १ घनफळ ऑक्सिजन यांची २ घनफळें वाफ होते. १८११ सालीं ट्यूरिनच्या ॲव्होगाड्रोनें सुचविलें कीं, उष्णतामान व दाब सारखे असतां सर्व वायूंच्या समान घनफळांत कणांची संख्या समान असते, असें धरल्यास याचा अर्थ लागतो. मात्र मग ऑक्सिजनचा कण दुभंगतो, म्हणजे तो दोन अणूंचा आहे, असें मानणें भाग आहे. डाल्टनला हें अशक्य वाटलें, आणि त्याच्यासारख्या अनेकांना वाटलें. पन्नास वर्षें गोंधळ माजला. एका साध्या शिर्क्याच्या आम्लाचीं १९ निरनिराळीं सूत्रें प्रचारांत असल्याचें केकुलेनें आपल्या १८६१ च्या ग्रंथांत नोंदवून ठेविलें आहे! १८६० च्या सप्टेंबरांत जर्मनींतील कार्ल्सरुह येथें सुमारें १४० रसायनज्ञ हा गोंधळ मिटविण्यासाठीं जमले व तीन दिवस बोलून कांहीं न ठरवितां उठले. जातांना त्यांच्या हातीं कानिझारो या इटालियन अध्यापकाची एक पुस्तिका पडली, आणि पुढच्या थोड्या वर्षांत जें काम परिषदेनें केलें नाहीं तें त्या पुस्तिकेनें केलें.

पुस्तिकेंतली युक्ति नववीच्या मुलाला समजण्याजोगी आहे. जेवढ्या घनफळांत २ भार हायड्रोजन मावतो, तेवढेंच घनफळ ऑक्सिजनयुक्त अशा प्रत्येक वायूचें घ्यावें आणि त्यांत ऑक्सिजन किती निघतो तें पाहावें. वाफेंत १६ भार निघतो, कार्बन मोनॉक्साइडांत १६, कार्बन डायॉक्साइडांत ३२, खुद्द ऑक्सिजन वायूंत ३२. कोठेंहि ८ नाहीं, कोठेंहि २० नाहीं. मग ऑक्सिजनचा अणु १६ भाराचा धरण्यावांचून दुसरी वाट कोणती? आतां तीच रीति हायड्रोजनला लावावी. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वायूंत तो १ भार निघतो, वाफेंत २, अमोनियांत ३. सर्वांत लहान वांटा १. म्हणून अणूचा भार १, आणि पाण्याच्या रेणूंत असे दोन. संपलें उत्तर. यांत एक इलेक्ट्रॉन नाहीं, एक कक्षा नाहीं. बेरीज-भागाकारापलीकडलें गणितहि नाहीं. हें आम्हांस शाळेंत कां सांगितलें नाहीं, असें वाचकांपैकीं कित्येकांस या क्षणीं वाटत असेल, तर आमचा लेख लिहिण्याचा उद्देश सफळ झाला.

कानिझारोची ती पुस्तिका म्हणजे काय होती? १८५८ सालची, जिनोव्हाच्या विद्यापीठांत तो विद्यार्थ्यांस रसायन कोणत्या क्रमानें शिकवी त्याची रूपरेषा! लाव्हाझियेचा १७८९ चा ग्रंथ नवशिक्यांसाठीं होता, आणि ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावें या एका तत्त्वासाठीं त्यानें प्रस्तावनेंत त्या वेळच्या शिक्षणक्रमाशीं भांडण काढलें आहे. मेंडेलीव्हला आवर्तसारणी १८६९ सालीं सांपडली ती विद्यार्थ्यांसाठीं रसायनाचें पुस्तक लिहितांना, मूलद्रव्यांचीं प्रकरणें कोणत्या ओळीनें लावावीं या विवंचनेंत असतां. या शास्त्राचे तीन मोठे टप्पे पाठ्यपुस्तकांच्या क्रमाचा विचार करतां करतां गांठले गेले आहेत. आणि आमचे पुस्तककर्ते म्हणतात कीं, क्रमाला कांहीं महत्त्व नाहीं, आशय पुरा झाला म्हणजे झालें!

येथें कणादाचें नांव घेतल्यावांचून सुटका नाहीं, कारण आम्हीं न घेतलें तर दुसरा कोणी भलत्याच रीतीनें घेईल. डाल्टनच्या दोन हजार वर्षें आधीं आमच्या कणादानें अणु शोधला, असें सभांतून व मोबाइलवरच्या संदेशांतून ठणकावून सांगितलें जातें, आणि टाळ्या पडतात. वैशेषिकांचा परमाणुवाद हा मानवी बुद्धीचा मोठा पराक्रम आहे, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. द्रव्याचे तुकडे अनंतापर्यंत होत राहिले तर मोहरी आणि मेरु यांत भेद उरणार नाहीं, कारण दोहोंचे अवयव अनंतच, हा त्यांचा युक्तिवाद आजहि वाचतांना डोकें लववावेंसें वाटतें. कच्चें मडकें भाजल्यावर लाल होतें तें परमाणूंत होतें कीं अखंड मडक्यांत, यावर वैशेषिक व नैयायिक यांनीं घातलेला वाद खऱ्या रसायनाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचतो. परंतु उंबरठा ओलांडण्यास मडकें तोलावें लागतें. पृथ्वी, आप, तेज, वायु यांचे परमाणु, दोहोंचें द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचें त्र्यणुक, यांत कोठेंहि असा एक आंकडा नाहीं कीं जो भट्टींतल्या चुन्यावर लावून खरा-खोटा करतां येईल. त्याच न्यायानें ग्रीसचा डिमॉक्रिटसहि डाल्टनचा पूर्वज नव्हे, हें पाश्चात्त्यांच्या पुस्तकांनींहि सांगावयास हवें आणि तीं सांगत नाहींत. मुद्दा असा कीं, अणु हा शब्द ऐकला एवढ्यानें ज्याला अणु कळला असें वाटतें, त्यालाच कणाद व डाल्टन एक वाटतात. पुरावा शिकविला नाहीं म्हणजे नामसादृश्य हाच पुरावा होतो.

नांवांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों: मराठींत अणु व रेणु, तर हिंदींत परमाणु व अणु. म्हणजे मराठींतला अणु हिंदींत गेला कीं रेणु होतो! मुंबईस अणुशक्तिनगर आहे आणि ज्या सरकारी खात्याचें तें नगर आहे त्याचें हिंदी नांव परमाणु ऊर्जा विभाग. ज्या मुलाला वस्तु कळली आहे त्याला दोन्ही पाट्या वाचून हंसूं येईल. ज्याला केवळ शब्द पाठ आहे तो इंदुराहून पुण्यास शिकावयास आला कीं पहिल्याच परीक्षेंत फसेल. असो.

शब्दप्रामाण्याचा याहून मोठा अपघात स्वतः रसायनज्ञांनाच घडला आहे. हीलियम, निऑन, आर्गॉन आदि वायूंचें बाह्य कवच पूर्ण भरलेलें असतें, म्हणून ते कोणाशींहि संयोग पावत नाहींत, असें अष्टकाच्या नियमावरून पुस्तकांनीं इतक्या ठाम स्वरांत सांगितलें कीं, तें कोणी फारसें तपासून पाहीना. १९६२ सालीं कॅनडांत नील बार्टलेटला एक संयुग ऑक्सिजनच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन ओढून घेतांना आढळलें. झेनॉनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढण्यास जवळजवळ तेवढीच शक्ति लागते, हें छापील कोष्टकांत सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. त्यानें दोन आंकडे शेजारीं ठेवले, दोन वायु एकत्र केले, आणि नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. निष्क्रिय वायूंना आमच्या पुस्तकांत आतां राजवायु म्हणतात; नांव बदललें, पण अष्टकाचा पाठ त्याच ठाम स्वरांत चालूं आहे.

आणि मोल! या कल्पनेनें जितक्या मुलांना रसायनापासून पळवून लाविलें तितक्यांना तेजाबाच्या वासानेंहि लाविलें नसेल. पूर्वीं निदान ती १२ ग्रॅम कार्बनला बांधलेली होती. २० मे २०१९ पासून तिची व्याख्या एका ठरीव संख्येनें होते: ६०२२१४०७६ वर पंधरा शून्यें. मापनशास्त्राच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. परंतु व्याख्या पाठ करून घेणाऱ्या शिक्षकाच्या हातीं ही आकाशांतून पडलेली संख्या म्हणजे आणखी एक मंत्र. ही संख्या पाण्यांत नाचणाऱ्या डिंकाच्या बारीक कणांवरून पेरॅंनें १९०८ पासून कशी काढली, आणि ऑस्टवाल्ड, ज्यानें तोंवर अणु ही एक सोयीची कल्पना मानिली होती, तो १९०९ च्या सुमारास आपला हट्ट सोडून अणु खरे आहेत असें छापून कसा मोकळा झाला, हें सांगण्यास अर्धा तास पुरतो. पुराव्यावांचून न मानणारा ऑस्टवाल्ड आणि पुराव्यावांचून मानणारा आमचा विद्यार्थी, यांत वैज्ञानिक वृत्ति कोणाची?

आमच्यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. इतिहास नको, शास्त्र शिकवा, असें म्हणतील. आम्ही नांवें व सनावळ्या मागतच नाहीं. प्रूस्त व कानिझारो हीं नांवें खुशाल गाळावीं, कारणें तेवढीं ठेवावीं. आज त्याच्या उलट होतें: नांव राहतें, ‘१७९९’ राहतें, रिकाम्या जागा भरा राहतात, आणि कारण जातें. वेळ नाहीं, म्हणतील. कवचांची वांटणी पाठ करून घेण्यास वेळ आहे ना? तो इकडे द्यावा. इलेक्ट्रॉन अकरावींत शिकविले तर आभाळ कोसळणार नाहीं. परीक्षा आड येते, हा एक आक्षेप मात्र खरा आहे. परीक्षा जें विचारते तेंच शिकविलें जातें. म्हणून आमची मागणी लहान आहे: शालान्त परीक्षेच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेंत दर वर्षीं एक प्रश्न ‘कशावरून?’ असा असावा. वायूंच्या घनफळांचे व भारांचे आंकडे द्यावे आणि अणुभार काढावयास सांगावा. किंवा दोन नमुन्यांचें पृथक्करण द्यावें आणि तें एकच संयुग आहे काय, हें कारणासह विचारावें. एक प्रश्न आला कीं शिकवण्यांचे वर्ग आपोआप त्याच्या मागें धांवतील.

साधनें नाहींत, हा आक्षेप तर आम्ही ऐकूनच घेणार नाहीं. चुनखडी भाजण्यास भट्टी लागते, हें कबूल. पण खाण्याचा सोडा घरोघरीं आहे, आणि एक ग्रॅमचा फरक दाखविणारा स्वयंपाकघरांतला कांटा आतां पुष्कळ घरांत आहे. रिकामें भांडें आधीं तोलावें, मग ५० ग्रॅम सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर घालून मोठ्या माणसानें जवळ उभें राहून तो ढवळीत तापवावा, निवूं द्यावा, त्या भांड्यांत काढून तोलावा, पुन्हां तापवावा, पुन्हां तोलावा, आणि वजन उतरावयाचें थांबेपर्यंत हें करावें. पाणी व कार्बन डायॉक्साइड उडून जाऊन मागें धुण्याचा सोडा राहतो, तो सुमारें साडेएकतीस ग्रॅम भरतो. दुसऱ्या दुकानांतला, दुसऱ्या छापाचा सोडा आणून पाहावा. वीस ग्रॅम घेऊन पाहावा. उरणारा वांटा तोच. एखाद्याच्या तव्यावर चौतीस ग्रॅम राहिले तर त्यानें पुस्तक उघडूं नये. सोडा दमट होता कीं ताप कमी पडला, हें तव्याखालची आंच वाढवून पुन्हां एकदां पाहावें.